बेचाळीस नंबरचं पाकीट

नाही मॅडम, वेळ बरोबर आहे. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघूनच वहीत लिहिलीय. चुकलाय तो क्रम. एक्केचाळीसच्या आधी बेचाळीस निघालं, एवढंच. दोन पाकिटं एकमेकांना चिकटून आली असतील, घाईत वरचं खाली गेलं असेल — असेल म्हणजे, गेलं. तुम्ही तसंच लिहा ना, घाईत क्रम चुकला म्हणून. आणि उभ्या का? बसा की. ती खुर्ची नको, तिचा पाय लुळा आहे, मागच्या आठवड्यात एक डॉक्टर आपटले तिच्यावरून. ही घ्या.

तुम्ही अभ्यासाच्या ऑफिसातून आलात म्हणजे कागदावरचं सगळं तुम्हाला ठाऊकच असणार. पण या खोलीत कसं चालतं ते कागदावर नाही कळायचं. पोर येतं ते असं — अंगात ताप, पण हातपाय बर्फासारखे, डोळे अर्धे मिटलेले. त्याला सलाईन द्यायचं हे ठरलेलंच. भरभर द्यायचं की सावकाश, एवढाच प्रश्न. आमच्याकडे कायम भरभरच. मोठ्या डॉक्टरबाई, हा अभ्यास त्यांचाच, एकदा चहा पिताना म्हणाल्या, "मामा, आपण वीस वर्षं भरभर देतोय, कारण आपल्या आधीचे देत होते. बरोबर आहे का ते कुणी मोजलंच नाही." म्हणून ही नंबर टाकलेली पाकिटं. आत चिठ्ठी — 'जलद' नाहीतर 'सावकाश'. वीस पाकिटांची एक खेप, दहा अशी, दहा तशी, सगळी मिसळलेली. ज्याची पाळी त्याला वरचं पाकीट. मग ते राजाचं पोर असो नाहीतर रस्त्यावरचं. बाई म्हणायच्या, "पाकीट कुणाचा काका नाही आणि कुणाचा मामा नाही." मी हसलो होतो. मला इथं सगळे मामाच म्हणतात ना — डॉक्टर, सिस्टर, पोरांच्या आया, सगळे.

आता पाकीट काढायचं कुणी? डॉक्टरांनी काढलं तर त्यांच्या मनात आधीच काहीतरी असतं. सिस्टरांचे हात शीर शोधण्यात अडकलेले. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मामा काढतील. मामांसारखा सरळ माणूस या मजल्यावर दुसरा नाही." मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस मॅडम, मला एवढ्या डॉक्टरांसमोर कुणी असं म्हणालेलं नव्हतं. फरशीकडे बघत उभा राहिलो, पण कान गरम झाले होते. डब्याची किल्ली तेव्हापासून माझ्या गळ्यात. घरीसुद्धा काढत नाही.

काय म्हणालात? हो, पाकिटं जाड आहेत. चांगली जाड आहेत. हाताला काहीच कळत नाही. ट्यूबलाइटकडे धरली तरी — नाही, म्हणजे मी धरून बघितली असं नाही. म्हणजे... एकदा. आणि ती काच आहे ना, एक्स-रे लावून बघायची, मागून उजेड येणारी — तिच्यावर चुकून ठेवलं गेलं एक. खरंच चुकून. हातात एक्स-रे होता, पाकीट होतं, पोर ओरडत होतं, जे हाताला आलं ते काचेवर चिकटवलं. आणि दिसलं. अक्षरं नीट वाचता येत नाहीत, पण लांबी कळते. 'सावकाश' लांब आहे, 'जलद' आखूड. बाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणारच होतो. पण त्या 'सरळ माणूस' म्हणाल्यापासून मला त्यांच्याशी धड बोलताच येईना. आणि मी काही करत नव्हतो ना! कळत होतं, पण करत नव्हतो. चाळीस पोरं झाली मॅडम, चाळीसच्या चाळीस क्रमाने. मागची पानं बघा हवं तर.

एक्केचाळिसावा माझा भाचा होता. हो, खरा. धाकट्या बहिणीचा. सहा वर्षांचा. आम्ही त्याला शिट्टी म्हणायचो — पुढचे दोन दात पडले तेव्हापासून काहीही बोलला की शिट्टी वाजायची, आणि ती वाजते म्हणून तो जास्तच बोलायचा. ती त्याला खांद्यावर टाकून त्या दारातून आली, सकाळी पावणेअकराला, आणि तो बोलत नव्हता. सिस्टरांनी तिच्यापुढे अभ्यासाचा कागद धरला, नीट समजावून सांगितलं, तुमची इच्छा नसेल तर नाही म्हणा, पोराला नेहमीचे उपचार मिळतीलच. ती कागदाकडे बघेचना, माझ्याकडे बघत होती. "दादा, सही करू का?" मी म्हणालो, "कर. पाकीट मीच काढतोय."

असं कुणी बोलतं का? मला कळत होतं मी काय बोलतोय. डब्याकडे गेलो, वरचं काढलं, काचेसमोरून नेलं — लांब. सावकाश. आता सांगा, मी वीस वर्षं काय बघत आलोय? सलाईन भरभर गेलं की पोराच्या ओठांना रंग येतो, नाडी हाताला लागते, आई रडायची थांबते. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि शिट्टीला मी थेंब-थेंब देऊ? दुसरं काढलं. आखूड. ते फाडलं. "जलद!" असा ओरडलो की सिस्टर दचकल्या. पिशवी मीच दाबली मॅडम, या दोन हातांनी, लवकर जावं म्हणून. आणि रंग आला की! ओठांना आला. धाकटीला म्हणालो, बघ, आला.

मग तासाभराने त्याचा श्वास घरघरायला लागला. छातीत पाणी झालं, डॉक्टर म्हणाले. त्यामुळेच झालं असं नाही म्हणाले, आजारातही होतं म्हणाले. मग हृदय थांबलं. छाती दाबायला डॉक्टर, फुग्याने श्वास द्यायला सिस्टर, आणि आकडे मोठ्याने मोजायचे ते मी — माझं कामच आहे ते, पंधरा मोजायचे, थांबायचं, पुन्हा एकपासून. बावीस मिनिटं मोजले. डॉक्टर थांबले तरी मी मोजतच होतो, सिस्टरांनी तोंडावर हात ठेवला माझ्या.

आणि ते लांब पाकीट? एक्केचाळीस? ते मध्येच गेलं. शिट्टी अजून होता तेव्हा, अकरा पंचवीसला, एक शिंपी त्याच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आला, गळ्यात टेप तसाच. तिला वरचं दिलं. सावकाश. पाचव्या दिवशी चालत गेली घरी. तो शिंपी निघताना माझे हात धरून म्हणाला, "मामा, तुमच्या हाताला यश आहे." वर म्हणाला शर्ट शिवून देतो. माप घ्यायला टेप काढला त्याने, आणि मी पळालो मॅडम, कपडे धुवायच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

धाकटी सगळ्यांना सांगते, माझ्या भावाने काही कमी केलं नाही. शेजारणींना सांगते, मेहुण्यांच्या आईला सांगते. मी समोर बसलेला असतो, ताटात बघत. "दादा होता म्हणून बरं," म्हणते. परवा मी तोंड उघडलंसुद्धा, तर म्हणाली, भात वाढू का. वाढ म्हणालो.

नाही नाही, ते मला सांगू नका. कुठलं चांगलं ते कुणालाच माहीत नाही, हे मला पाठ आहे, बाईंनी शंभरदा सांगितलंय. म्हणूनच तर पाकिटं. माहीत असतं तर पाकिटं कशाला? पण रात्रीचं सोडा, दिवसाढवळ्या, लादी पुसताना मला तेच — वरचं पाकीट त्याचं होतं. त्याच्या नावाने आलं होतं. मी त्याच्या हातातून काढून घेतलं आणि शिंप्याच्या पोरीला दिलं. ती जगली याचं वाईट वाटत नाही हो! असं नका बघू. माझं पोर मेलं म्हणून लोकांचं मरावं असं — मी तसला माणूस नाही. तसला नाही म्हणूनच तर पुढे...

थांबा. पान उलटू नका. आज तेवढंच बघा ना, एक्केचाळीस-बेचाळीस. जेवायची वेळही झाली तुमची, खाली कँटीनमध्ये गरम मिळतं या वेळेला. बाकीचं उद्या — बरं, उलटा. उलटलंच आहे तर. चव्वेचाळीस. मग सत्तेचाळीस. मग अठ्ठेचाळीस, एक्कावन्न. दिसतंय ना? सगळी लांब. शिट्टी गेल्यावर मी चौथ्या दिवशी कामावर आलो, पहिलंच पोर आलं, वरचं पाकीट आखूड निघालं, आणि माझ्या हाताने ते फाडवेना. खाली ठेवलं. पुढचं काढलं. मग पुढच्या पोरालाही तसंच. नऊ पोरं मॅडम. वाटलं, निदान यांचं तरी मी... त्यांतली दोन गेलीच. सावकाश देऊनही गेली. मग माझं काय समजायचं? आधी भरभरवर माझा जीव होता, मग सावकाशवर. आणि बाईंचा सगळा अभ्यास — तीन वर्षं त्या बाई घरी वेळेवर गेल्या नाहीत — त्यात मी माझा जीव कालवून ठेवला. उद्या त्यातून जे निघेल ते कुठल्या कुठल्या गावांत लागू होईल, मी कधी बघणार नाही अशा पोरांना.

आणि अजून एक. हे मी सांगणार नव्हतो. डब्यात नऊ उरलीत. नऊच्या नऊ आखूड. लांब सगळी मी संपवली ना. म्हणजे आता जे पोर येईल त्याला — एक मिनिट हं, फोन.

हॅलो. हो, मामा. हो. किती वर्षांचं? ... शुद्धीवर आहे? ... आणा. सिस्टरांना सांगतो.

तीन वर्षांची मुलगी. खालून निघाली, लिफ्टपर्यंत आली असेल. सिस्टर! पलंग दोन तयार करा, येतंय पोर! — नको मॅडम, डब्याला हात लावू नका. तुम्हीही नको. त्यात आता नशीब उरलेलं नाही, नुसता मी उरलोय. ही किल्ली घ्या, कुलूप लावा, आणि कुणालाही देऊ नका. डॉक्टर आहेत, ते बघतील तिला काय द्यायचं ते, त्यांना तरी मोकळ्या मनाने बघू दे. मी पलंगाशी जातोच, पण आधी एक फोन.

बाई? मी मामा बोलतोय. पेशंट येतोय, पण पाकीट काढत नाही मी. ... नाही, डबा आहे, किल्ली आहे. ... हो, त्या इथंच आहेत. ... नाही बाई, त्यांनी काही विचारलं नाही, मीच —

मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा.