तेल कोणी लावलं?

...नाही हो, माझं कौतुक नका करू. मघाशी डॉक्टर दारातून म्हणाले ना, 'ह्यांच्यासारखं समजूतदार असावं माणसानं', ते ऐकून तुम्ही सगळे पट्टी बदलायला आलेले लोक माझ्याकडे कौतुकानं बघताय, पण तुम्हाला सांगतो, कुठे तोंड लपवू असं झालंय मला...

मी शिंपी. मी शिवतो, बायको काज-बटण अन् इस्त्री करते. त्या दिवशी इस्त्री टेकली तिच्या डाव्या मनगटाला. ती निघाली नळाकडे. बरोबर निघाली होती! मीच आडवा आलो. "पाणी? फोड येईल. खोबरेल लाव, नैसर्गिक आहे." ती म्हणतेय, "अहो, आग होतेय, आधी पाणी..." पण मी ऐकतो कुणाचं? ओतली अर्धी बाटली, वर कोटाच्या अस्तराचा तुकडा गुंडाळला, सुटू नये म्हणून चार टाकेसुद्धा घातले. इतकं सुबक झालं की आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवलं. म्हटलं, नैसर्गिक आहे.

तिसऱ्या दिवशी मनगट सुजलं, अस्तर जखमेला चिकटलं, आलो इथे. डॉक्टर ते सोडवतायत, ही ओठ दाबून बसलीय, आणि मी? मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचतोय. डॉक्टर विचारतात, "तेल कोणी लावलं? ताज्या भाजण्यावर तेल लावलं की धग आत कोंडते. वीस मिनिटं वाहतं पाणी धरायचं. तेलबिल जखम भरल्यावर, कोरड्या कातडीला. कोणी लावलं?"

"मीच," बायको म्हणाली.

आता अशा वेळी नवऱ्यानं तोंड उघडायला हवं की नको? उघडलं मी. म्हटलं, "मी हिला सांगत होतो डॉक्टर, आधी पाणी..."

अठरा वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. रागानं नाही हो, राग परवडला असता. गिऱ्हाइकाचं माप घेतात ना, तसं. लाज वाटली, फार लाज वाटली. घरी एका हातानं चहा करून दिला तिनं. मी म्हटलं, "चुकलं माझं." तर म्हणते, "असू दे. नैसर्गिक आहे."

म्हणून आज ठरवूनच आलोय, खरं काय ते सांगून टाकायचं. तुम्हाला सांगितलं, जरा हलकं वाटलं... आली बघा बाहेर. झाली का गं पट्टी? हो, सांगितलं ना, सगळ्यांना सांगितलं... डॉक्टरांना?... अगं, ते कामात आहेत, पुढच्या पट्टीला सांगू की.