नव्या एसीचं भाडं

नाशिकची हवा थंड, असं माझ्यासमोर कोणी म्हणू नका. आम्ही तिथल्या द्वारका चौकाजवळ भाड्याने राहतो. यंदा मे महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात फ्लॅटमधला एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय. याच्यावर खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या."

एसी घरमालकांचा, म्हणून मी वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे गेलो. काका म्हणाले, "गार हवा तुम्ही खाल्लीत आणि खर्च मी करू? आमच्या वेळी नाशिकला पंखासुद्धा लागत नव्हता."

इकडे आई घामाने भिजून तळमळत होती. शेवटी मीच हप्त्यावर नवीन एसी घेतला. बसवणं, पाइप, स्टॅबिलायझर धरून खर्च पन्नास हजारांच्या घरात गेला. संध्याकाळी काका बघायला आले, तासभर सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "झकास गार करतो हो!"

पुढच्या महिन्यात भाडेकरार नव्याने करायचा होता. कागदावर भाडं तीन हजारांनी वाढलेलं.

"काका, हे काय?"

"आता नव्या एसीचा फ्लॅट आहे ना."

"अहो, पण तो मी बसवलाय!"

"मग काढून न्या. घरही सोडा."

आत आई वॉकर धरून कशीबशी उभी राहायला शिकत होती. तिला घेऊन मी कुठे घर शोधत फिरणार? सही केली.

काकांनी कागदाची घडी घातली आणि दारातून वळून म्हणाले, "जपून वापरा हं. मागचा तुम्हीच बिघडवलात."