नकाशामागचा कोपरा

तपासनीस : आणि शेवटचा नियम. हा मोडला तर माझी ही सगळी यंत्रं कुचकामी. एकदा रेकॉर्डर चालू झाला, की आपल्यापैकी ज्याचा आवाज होईल त्याने तो लगेच कबूल करायचा. खोकला, पाय घासला, पोटात गुडगुडलं, काहीही असो. ‘माझा’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

मामा : आणि नाही कबूल केला तर?

तपासनीस : तर घरी जाऊन तो मीच ऐकणार, आणि तुमच्या ढेकरेला भूत समजून आठवडाभर डोकं फोडून घेणार. झालंय असं.

मामा : म्हणजे सापडतात की भुतं तुम्हाला!

तपासनीस : मामा, आजवर एक्केचाळीस जागा झाल्या. एकोणीस ठिकाणी उंदीर. अकरा ठिकाणी नळ. बाकी सैल खिडक्या, वाळवी, एका ठिकाणी घोरणारे सासरे. भूत एकही नाही. आधी फ्रिज दुरुस्त करायचो, तेव्हा निदान लोक खूश तरी व्हायचे. आता काही नाही म्हटलं की तोंडं पडतात.

बाई : मग कशाला जाता?

तपासनीस : एकदा तरी आपण खोटे पडावं म्हणून, बाई. तुम्ही अशा टेबलाशी बसा. मामा, तुम्ही दाराशी.

मामा : मी बाहेर बरा. ठेकेदाराने मला राखणीला ठेवलंय, तुळया चोरीला जाऊ नयेत म्हणून. उद्या सकाळी आठला ही शाळा पाडायची गाडी येणार. तोवर बाहेरून बघायचं. आत बसायचं ठरलं नव्हतं.

तपासनीस : अहो, उंबऱ्यावर बसा. अर्धे आत, अर्धे बाहेर.

मामा : एकतीस वर्षांत या उंबऱ्याला पाय लावला नाही मी. बाईंना माहीत आहे.

बाई : बसा मामा. मी विनंती करते.

मामा : विनंती! शिपाई होतो तेव्हा ‘मामा, पाणी’, ‘मामा, घंटा’. आज विनंती. बसतो. पण आधी यांना सांगितलंय का, कोणाला शोधायचंय ते?

तपासनीस : पत्रात एवढंच होतं, की ऊन खिडकीतून सरकलं की त्या कोपऱ्यात कोणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतं. लहान मूल उभं राहून अवघडल्यासारखं. कोण, ते लिहिलं नव्हतं.

मामा : मग मी सांगतो, गावाला तोंडपाठ आहे. दुसरीतली मुलगी होती, चिमणी म्हणायचे सगळे. वादळाची संध्याकाळ. मी शाळेला कुलूप लावलं आणि ती आत राहिली. रात्री छप्पर उडालं, तुळई पडली, खाली ती सापडली. शिपायाने आत न बघता कुलूप लावलं. संपली गोष्ट.

तपासनीस : बघितलं नव्हतंत?

मामा : मी आधी बाहेरून खिडक्यांची दारं लावून घेतली, वारा तसा होता. मग पुढे आलो. आत काळोख. दारात उभा राहून हाक मारली, ‘कोणी आहे का आत?’ तीनदा मारली. उत्तर नाही. मग कुलूप लावलं. चौकशीला आलेल्या साहेबाला हेच सांगितलं. तो म्हणाला, आठ वर्षांची धडधाकट मुलगी हाकेला ओ देणार नाही होय? खोटं बोलायचं तर जरा पटेल असं बोल.

बाई : ऊन सरकतंय.

तपासनीस : चालू करतो. पाचला चार कमी. खोलीत तिघे जण. दार उघडं, वारा नाही. आता शांत… हा आवाज कोणाचा?

मामा : माझा. गुडघा.

तपासनीस : छान. असंच.

बाई : माझा. उसासा होता.

तपासनीस : ठीक… थांबा. हा? मामा?

मामा : मी नाही.

तपासनीस : बाई?

बाई : नाही. ती आहे. ऐका. पुन्हा. उजवा पाय, आता डावा.

मामा : अरे देवा.

बाई : बस झालं, बाळ. शिक्षा संपली. ऐकतेस ना? जा आता घरी. मी सांगते आहे, जा.

तपासनीस : बाई, बोलू नका, मला दिशा घेऊ द्या. आवाज खालून येतोय. मी कोपऱ्यात जातोय, पावलं माझी आहेत.

मामा : कसली शिक्षा, बाई? ती शाळा सुटल्यावर पाटी विसरली म्हणून परत आली होती. तुम्हीच म्हणाला होतात, तसंच असेल म्हणून.

बाई : मी म्हणाले होते, ‘असू शकेल’.

मामा : शब्दांचा कीस नका काढू.

बाई : नाही काढत. मामा, चार इयत्ता एका खोलीत. चौथीला विचारावं आणि उत्तर दुसरीतून यावं. ती सगळंच ऐकायची ना. चौथीची मुलं हसायची, ज्याला विचारलं तो रडवेला व्हायचा. त्या दिवशी तिसऱ्यांदा झालं. आभाळ भरून आलेलं, मला सगळ्यांना लवकर सोडायचं होतं, माझं डोकं दुखत होतं. बाकीच्यांना सोडलं आणि तिला म्हटलं, नकाशामागे कोपऱ्यात उभी राहा. भिंतीकडे तोंड. मी सांगेपर्यंत हलायचं नाही, आणि कोणीही काहीही विचारलं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही.

मामा : कोणीही.

बाई : दहा मिनिटांसाठी. मग रस्त्यावरून डॉक्टरांच्या जीपचा भोंगा वाजला. शहराकडे जाणारी ती शेवटची गाडी. ‘येताय का, रस्ता बंद होईल’ म्हणाले. मी पिशवी उचलली आणि धावले. अर्ध्या वाटेत आठवलं.

मामा : अर्ध्या वाटेत आठवलं?

बाई : वाटलं, मामा आहेत. मामा बघतील.

मामा : मामांनी बघितलं हो. नकाशाचा तो लाकडी स्टँड आडवा, मागे काळोख. मामांनी बघितलं, हाक मारली. आणि ती तिथे उभी होती. ऐकत होती.

बाई : हो.

मामा : मी सकाळी उचललं तिला. तुम्ही नव्हतात. तोंड भिंतीकडे होतं. मी मनात म्हणायचो, एवढी घाबरली असेल तर दाराशी का नाही आली? दारावर एक ओरखडा नव्हता. मी पाऊस पडेस्तोवर त्या वळणावर झाडाखाली होतो. एक थाप मारली असती तर ऐकू आली असती. मारलीच नाही. का नाही मारली, हे एकतीस वर्षं मला कळलं नाही.

बाई : मी सांगितलेलं ती ऐकायची.

मामा : चौकशीत तुम्हाला विचारलं होतं. मी समोर बसलेलो. ‘शिपाई हाक मारल्याचं म्हणतो, तुमचं काय म्हणणं?’ तुम्ही काय म्हणालात?

बाई : ‘मी तेव्हा तिथे नव्हते.’

मामा : खरं होतं की! एक शब्द खोटा नाही.

बाई : मामा—

मामा : नोकरी मी सोडली, त्याचं काही नाही. तिचा बाप भर रस्त्यात तोंडावर थुंकला, तेही पुसलं. माझी बायको, बाई. तेवीस वर्षं त्यानंतर जगली. रोज वाढायची, आजारात पाय चेपायची, कधी वाकडा शब्द नाही. पण एकदाही विचारलं नाही, ‘अहो, खरंच हाक मारली होती का?’ विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही, म्हणजे तिने ठरवून टाकलं होतं. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, की मारलीच नसेल. आपणच आपली समजूत घातली असेल.

बाई : तुम्ही मारली होती.

मामा : आता सांगताय?

बाई : मी आणखी वीस वर्षं याच खोलीत शिकवलं. बदली आली, नाकारली. छप्पर नवं झालं, जमीन तीच राहिली. रोज शाळा सुटली की हा आवाज, आणि रोज मी तिला म्हणायची, जा घरी. आवाज थांबायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शाळा बंद पडल्यावर दर शनिवारी यायचे. ती माझं ऐकत नाही, की तिला ऐकूच जात नाही, तेवढं मला कळत नव्हतं. आणि उद्या हे पाडणार आहेत. मामा, ती हलणार नाही. सांगितल्याशिवाय हलायचं नाही, हे मीच शिकवलंय. पुन्हा एकदा छप्पर येईल तिच्या अंगावर आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहील. म्हणून यांना बोलावलं. सांगा हो तुम्ही, कसं बोललं की तिला ऐकू जाईल?

तपासनीस : बाई, मी इथे खाली बसलोय मघापासून.

बाई : मग? आहे ना ती?

तपासनीस : हे असं सांगायची वेळ नाही. मी उद्या पत्राने कळवतो.

बाई : उद्या इथे काही नसेल. आत्ता सांगा. मी शिक्षिका आहे, मला चुकीच्या उत्तराची भीती नाही.

तपासनीस : जमिनीची ही तिसरी फळी बघा. एका टोकाला खिळा सैल झालाय. दुपारभर खिडकीतलं ऊन बरोबर हिच्यावर पडतं, फळी फुगते. ऊन सरकलं की आकसते, खिळ्यावर घासते. आधी या टोकाला, मग त्या. दोन पायांसारखं वाटतं. पाच-सात मिनिटांत निवते आणि गप्प होते. तुम्ही बोललात काय, न बोललात काय.

बाई : नाही.

तपासनीस : पक्कड लावतो. आवाज माझा आहे. हा बघा, निघाला. आता या फळीवर मी नाचलो तरी ती बोलणार नाही. ऐका. घ्या, खिळा हातात घ्या. गंजलेला आहे, जपून.

बाई : मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलत होते?

तपासनीस : याच्याशी.

बाई : म्हणजे ती इथे नाही.

तपासनीस : माझ्या यंत्रांपुरतं बोलायचं तर नाही. चांगलंच आहे ना, बाई. कोणी उभं नाही तिथे. उद्या कोणाच्या अंगावर काही पडणार नाही.

बाई : हो. चांगलंच आहे. पण मग मला ‘बस झालं’ कोण म्हणणार?

तपासनीस : रेकॉर्डर चालूच राहिला, माफ करा. तुमचं दोघांचं सगळं आलंय यात. म्हणत असाल तर पुसून टाकतो.

बाई : नको, ठेवा. मामांना द्या. सगळ्यांना ऐकवा, मामा. मी लिहूनही देते.

मामा : कोणाला ऐकवू? तिची आई गेली, बाप गेला. तो चौकशीचा साहेब केव्हाच गेला. माझी बायको गेली. गावात अर्धी माणसं नवीन, त्यांना चिमणी कोण ते माहीत नाही. आता मी घरोघर ते यंत्र घेऊन फिरू, की बघा हो, मी हाक मारली होती? वेडा म्हणतील.

बाई : मग मी काय करू? तुम्ही सांगा ते करते.

मामा : मला काही सुचत नाही, बाई. शिव्या द्याव्यात तर तुमच्याकडे बघून शिवी येत नाही. माफ केलं म्हणावं तर तेही तोंडातून निघत नाही. साहेब, तुमची पेटी भरा. मला हे बंद करायचंय, ठेकेदार सहाला बघून जाईल.

तपासनीस : झालंच. वायर गुंडाळतोय, आवाज माझा. बाई, शहराकडे जात असाल तर माझी गाडी आहे.

बाई : तुम्ही व्हा पुढे. मी जरा थांबते.

तपासनीस : मामा, चला. बाहेर या, त्यांना दोन मिनिटं राहू द्या एकट्या. मला एक सांगा, मी हे बोललो नसतो तर बरं झालं असतं का? नुसतं ‘आहे ती, ऐकलं तिने, गेली’ म्हणालो असतो तर?

मामा : तुम्ही उंदीरवाले आहात, भटजी नाही. खरं बोललात. इथे तुम्हीच पहिले.

तपासनीस : पाच मिनिटं झाली. बोलवा त्यांना.

मामा : बाई. चला, कुलूप लावायचंय… बाई? साहेब, बघा जरा इकडून. दिसतंय का? नकाशा होता त्या कोपऱ्यात.

तपासनीस : भिंतीकडे तोंड करून का उभ्या आहेत त्या?

मामा : थांबा, तुम्ही आत जाऊ नका. मला विचारू दे. कोणी आहे का आत?

तपासनीस : बाई, बोला ना! हे काय चालवलंय? मामा, मी जाऊन धरून आणतो त्यांना.

मामा : राहू द्या. कोणी आहे का आत?… कोणी आहे का?

तपासनीस : ऐकू जातंय त्यांना. मुद्दाम गप्प आहेत.

मामा : हो. त्या दिवशीही मी एवढाच वेळ थांबलो होतो.