आणखी एकच पद

...आणि वर मलाच विचारतात, अकरा वर्षं काय केलंत? अहो, बेरीज केली. तुम्हाला सांगतो, वीतभर लोखंडी कांब, मधोमध तापवलेली, तिची उष्णता पसरते कशी एवढंच समीकरण सोडवायचं; सुटलं की मला डॉक्टरेट, डॉक्टरेट मिळाली की विभागप्रमुखाची खुर्ची, नाहीतर ती जाणार शेजारच्या टेबलावरच्या धाकट्या सरांना, त्यांचाही प्रबंध त्याच कांबेवर.

उत्तर म्हणजे पदांची न संपणारी बेरीज. प्रत्येक पद आधीच्याहून लहान, उत्तर तेवढं सुधारतं. म्हटलं, आणखी एकच पद घेऊ. सातव्याला कांब त्रेसष्ट अंशांवर छान स्थिरावली... आठवं मोठं आलं. पुन्हा केलं, तेवढंच. म्हटलं, आणखी एकच पद घेऊ. विसाव्याला कांब वितळली, एकविसाव्याला तिच्यावर बर्फ, तिसाव्याला सूर्य तिच्यापुढे कोमट. चाळिसावं लिहायला कागद जेवणाच्या टेबलावर आडवा पसरला, तर बायको म्हणते, "कांब निवेल तेव्हा निवेल, इथे भाजी निवतेय."

गेलो गाइड मॅडमकडे. "अहो, ही पदं फुगणारच. थांबत का नाही तुम्ही?"

"अचूक उत्तर हवं ना, मॅडम?"

"मग नुसती बेरीज नको. प्रत्येक पदाला वाढत्या संख्येनं भागा, म्हणजे ती आटोक्यात येतील. त्यांची बेरीज करा, आणि भागून घालवलेलं एका संकलनानं, म्हणजे इंटिग्रेशननं, परत आणा. मात्र दिशा बघून, हं. एका दिशेला विहीर आहे."

गणितात विहीर? होती, तुम्हाला सांगतो. भागताना मी एक उणे चिन्ह गिळलं, दिशा उलटी झाली आणि तीन वर्षं तिच्यातच पोहत होतो.

शेवटी आलं उत्तर. त्रेसष्ट पूर्णांक चार. तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणाले, "वा. धाकट्या सरांचंही जवळपास एवढंच होतं, चार वर्षांपूर्वी."

"त्यांनी कुठली दिशा धरली?"

"दिशा कसली? सातव्या पदाला कंटाळले आणि थांबले. थांबायचं नेमकं तिथंच असतं."

पदवी मला मिळाली, नाही असं नाही. तिच्या अर्जावर विभागप्रमुखांची सही लागते. धाकट्या सरांनी लगेच केली, पेनाला टोपण लावलं, आणि अगदी मायेनं विचारलं, "पण सर, आठवं काढलंत तरी कशाला?"