एका पायात चप्पल

बँकेच्या रांगेत माझ्या पुढे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. पेन्शनच्या कोऱ्या नोटा हातात पडल्या आणि धाकटी खिडकीपाशीच थबकली.

"ताई, ही नवी नोट बघ. मागे स्वातंत्र्याच्या मोर्चाचं चित्र आहे."

"बघितलं. चल, लोक खोळंबलेत."

"अगं, ही कडेवर पोर घेतलेली बाई बघ. आपली आई आहे ही."

"काहीतरीच तुझं. पाठमोरी बाई, कुणाचीही आई असेल."

"तिच्या पायांकडे बघ ना. साहेब, जरा भिंग द्या हो."

"आजी, नोट खरी आहे."

"नोट खरी आहे हो. आई खरी आहे का, ते बघायचंय. हे बघ ताई, एकाच पायात चप्पल."

"आण इकडे. अगं बाई, खरंच की. डावा पाय अनवाणी."

"लाठ्या सुरू झाल्या तेव्हा चप्पल तुटली, असं सांगायची ना?"

"हो. उचलायला वाकले असते तर मागे राहिले असते, म्हणायची."

"मग कडेवरची ही मी."

"तूच. मला आजीपाशी ठेवून तुला घेऊन गेली. अजून राग आहे मला त्याचा."

"ताई, ही नोट फ्रेम करून भिंतीवर लावू या."

"भिंतीवर? आई कधी घरात बसली होती का? चल, भाजीवाल्याकडे मोडू. फिरू दे तिला गावभर."