मुराळ्याचं तिकीट

(आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवसाची दुपार, १९९०. शिरपूरहून बोरपाणीला निघालेली एस.टी.)

मंजुळाबाई : चारच? आखाजीना आदला दिन, नि इतली मोठी गाडीमा चारच मानसं? भाऊ, नीट देख!

लीलाधर : अक्का, कंडक्टर मी आहे. तुमची कोंबडी धरून चार. भाडं वाढल्यापासून असंच चाललंय. साहेबांनी तर बजावलंय, आखाजीलाही गाडी रिकामी आली, तर बोरपाणीची फेरी बंद.

मंजुळाबाई : बंद? मंग मनी नात शिरपूरले शायमा कशी जायी? जूनमा दहावी लागी तिनी!

लीलाधर : मला का आनंद आहे? रोज सकाळी दप्तर छातीशी धरून पळत येते पोर. तिच्यासाठी मीच बेल मारायचा थांबतो.

मंजुळाबाई : मंग लिखी टाक, गाडी भरेल उनी.

लीलाधर : आणि तिकिटं कुणाला फाडू? कोंबडीला?

मंजुळाबाई : थांब, थांब! पुढे देख, धूळ कितली! बैलगाड्या चाली ऱ्हायन्यात. सात! आम्हनाच गावन्या! मुराळी भाऊ बहिनीसले सासरथून माहेरले लई येई ऱ्हायनात.

लीलाधर : म्हणजे गावच्या सगळ्या लेकी बैलगाडीतून? तरीच माझी गाडी ओस!

मंजुळाबाई : तिकीट वाचाडाले बठ्ठासनी मसलत करेल व्हती. ड्रायव्हरले सांग, हॉर्न वाजाड! अय पुना! थांब रे!

पुना : काय व्हयनं, काकू? कोनले लागनं का?

मंजुळाबाई : लागी आते! तू भाडं वाचाडी ऱ्हायना, नि गावनी एस.टी. बंद व्हई ऱ्हायनी. पोरीसले हाई गाडीमा बठाड!

पुना : काहीबी काय, काकू! मुराळी बहीनले दारलोंग पोचाडस. अर्धी वाटमा तिले उतारी दिनं, ते गाव काय म्हनी?

लीलाधर : पुनाभाऊ, गाव काय म्हणायचं ते म्हणेल. पण ही फेरी गेली आणि एखाद्या आखाजीला तुमचे बैल बसले, तर तुमच्या बहिणीने, कुंदाताईने, सणाचा झोका सासरीच बांधायचा का?

पुना : हाई बी खरं... अय कुंदा! उडी नको मारू वं! देखा काकू, मी हा बी म्हनना नही, तं ती उतरनी बी!

मंजुळाबाई : बठ्ठ्याच उतरन्यात! पोरीसहो, बांगड्या संभाळा! ये, झुलालनी बहीन, तू बी ये!

लीलाधर : सावकाश! ताई, गठुडं बाकाखाली सारा. बोरपाणी, बोरपाणी... लेकराचं अर्धं... हात दुखला, पण दुखू द्या! बेचाळीस... त्रेचाळीस...

पुना : मी मांगेथून गाडी हाकत येस.

मंजुळाबाई : बहीन पुढे नि मुराळी मांगे? बैलं चिंधानी गाडीले बांध. त्यासले घरनी वाट म्हाईत शे. चढ!

पुना : मंग... एक माले बी दे, कंडक्टरभाऊ. बोरपानी.

लीलाधर : घ्या! मुराळ्याचं तिकीट आज पहिल्यांदाच फाडतोय मी. अक्का, एक दिवस भरली म्हणून साहेब ऐकतीलच असं नाही. पण आजचा आकडा मी स्वतः त्यांच्यापुढे ठेवीन.

पुना : आठ दिनमा या बठ्ठ्या परत जातीन ना? तवय बी हाईच गाडी. बाकीना मुराळीसले मी सांगस.

लीलाधर : अरे, अक्का, तुम्हीच उभ्या? कुणीतरी उठा गं, आजींना बसू द्या.

मंजुळाबाई : नको उठाडू कोनले, भाऊ. गाडीमा बसाले जागा नही, हाई माले डोया भरीसन देखू दे.