कंसात, हशा

गोजरबाई : थांबले काहून? मधलं काय गाळलं तुमी?

तातेराव : काही नाही. जळबाच्या आठवणी संपल्या. अंकात पुढच्या पानावर त्यानंच लिहिलेला टीव्हीवरचा विनोदी खेळ छापलाय.

गोजरबाई : मला वाचता येत न्हाई, पर तुमचा आवाज कळतो. अडतीस साल झाले ऐकून राहिले. वाचा गाळलेलं.

तातेराव : ऐक मग. "माझे वडील हट्टा गावच्या शाळेत गुरुजी. त्यांना मी कधी हसताना पाहिलं नाही. ते हसतील असं एक तरी वाक्य लिहावं, म्हणून मी मुंबईला आलो." झालं समाधान? शिक्षकाची नोकरी लाथाडली यानं, आणि खापर माझ्यावर!

गोजरबाई : नोकरी सोडली तर घरी येऊ नको, असं तुमीच म्हनले व्हते. पाच साल झाले, लेकरू उंबऱ्याला शिवलं न्हाई. आता दिवाळी अंक धाडला, वर चिठ्ठी, 'संक्रांतीला येऊ का?' लिवा ना, ये म्हणून.

तातेराव : तुला सांगितलंय. वाचताना मला हसू आलं तर लिहीन. नाही आलं तर नाही.

गोजरबाई : मंग वाचा की. अन् नीट वाचा.

तातेराव : मी कायम नीटच वाचतो. "प्रवेश पहिला, पूर्णविराम. शाळेचा वर्ग. डिप्टीसाहेब तपासणीला आलेले. मास्तर मान खाली घालून हजेरी घेतात, स्वल्पविराम, तेवढ्यात दारातून म्हैस आत येते आणि हंबरते. मास्तर, मान वर न करता : हजर." कंसात, हशा. कंस पूर्ण.

गोजरबाई : हा हा हा!

तातेराव : एवढं काय झालं?

गोजरबाई : तुमीच म्हनले ना, हशा. मुंबईहून लिहून आलंय, आता हसायचं म्हणून. तुमी बी हसा.

तातेराव : अगं, ते तिथल्या प्रेक्षकांसाठी. आपल्याला लागू नाही.

गोजरबाई : आपल्याकडं टीव्ही अजून आला न्हाई, मंग आमी हसावं कुठं? अन् ती म्हैस आपली चंद्रीच हाय. साहेबापुढं शाळेत घुसली व्हती, जळबा चौथीत असताना.

तातेराव : माझी फजिती मुंबईभर दाखवली त्यानं! पुढं ऐक. "डिप्टीसाहेब : पटावर सत्तावीस आणि हजर अठ्ठावीस? प्रश्नचिन्ह. मास्तर : साहेब, हजेरी वाढवा असं आपलंच परिपत्रक होतं." कंसात, मोठा हशा.

गोजरबाई : अगं माय! मोठा म्हनता? मंग अजून थोडं हसते. अन् तुमाला?

तातेराव : नाही आलं.

गोजरबाई : व्हट तर हालले.

तातेराव : मिशीला खाज आली.

गोजरबाई : किती ऱ्हायलं आता?

तातेराव : चार ओळी. त्यात कंसबिंस काही नाही. संपलंच म्हण.

गोजरबाई : चार ओळींत न्हाई हसले, तर माझं लेकरू येनारच न्हाई का वं?

तातेराव : ऐक गुमान. "साहेब जातात. पोरं जातात. वर्गात मास्तर आणि म्हैस दोघंच. मास्तर म्हशीला छडी दाखवून : उद्या येताना... उद्या..."

गोजरबाई : अवं! ठसका लागला का? पानी आणू?

तातेराव : "...उद्या येताना बापाला घेऊन ये!" अगं, हे मी बोललो होतो! चंद्रीला, खरंच! वर्गात कोणी म्हणजे कोणी नव्हतं गं!

गोजरबाई : पोरगं असंल दाराआड. बापासंगं घरी यावं म्हणून वाट पाहून राहिलं असंल. पुसा ते डोळे. पर इथं तर हशा लिवलेला न्हाई. मंग तुमी काहून हसले?

तातेराव : कोनाड्यातलं पोस्टकार्ड दे इकडं. पेन पण दे.

गोजरबाई : काय लिवून राहिले? मोठ्यानं वाचा.

तातेराव : "चिरंजीव जळबास आशीर्वाद. तुझ्या लेखनात एक चूक आढळली. शेवटच्या ओळीपुढे, कंसात, हशा लिहायचा राहिला आहे. संक्रांतीला घरी येऊन दुरुस्त करून जावे."